मेलेले ढोर आणि रिकामे पाकीट

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेनंतर आमच्या रोजच्या व्यवहारात काय पालटले पाहिजे, आम्ही काय सोडावे आणि काय मागावे, असा प्रश्न आपण मला विचारला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी आपणांस क्षुल्लक वाटेल. विषय कचऱ्याचा आहे. नेमके सांगावयाचे तर, कारखानदाराने नफा घेऊन विकलेली वस्तू वापरून झाल्यावर जे मागे उरते, त्याची विल्हेवाट कोणी लावावी आणि कोणाच्या खर्चाने लावावी, हा माझा विषय आहे. हा विषय क्षुल्लक नाही. आपल्या पूर्वजांचे अर्धे आयुष्य याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराखाली चिरडले गेले आहे.

मिरजगाव हे नगर–सोलापूर रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव आहे. बाजार उठल्यावर मागे काय राहते ते आपण नेहमी पाहता. भाजीचा पाला राहतो, तो जनावरे खातात. पुठ्ठ्याची खोकी राहतात, ती भंगारवाला नेतो. परंतु चकचकीत पाकिटे, तंबाखूच्या पुड्या, शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या, पातळ पिशव्या यांना कोणी हात लावीत नाही. वाऱ्याबरोबर त्या बाभळीच्या काट्यांत अडकतात, ओढ्यात जातात आणि पहिल्या पावसात सीनेच्या पात्रापर्यंत पोहोचतात. मग गावात कोणीतरी म्हणतो, "हे उचलायला माणूस लावा." माणूस लावा म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कोणत्या वस्तीतील माणूस असतो, हे मी आपणांस सांगावयास नको.

या ठिकाणी मला आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगाची आठवण होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूर येथील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी तो स्वतः सांगितला होता. ते पूर्वी एकदा सभेसाठी संगमनेरास आले असता 'केसरी'च्या बातमीदाराने त्यांच्याकडे एक चिठ्ठी पाठविली. चिठ्ठीचा आशय असा होता की, तुम्ही आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगता. परंतु त्यांच्या अंगावर धड वस्त्र नाही, घरात अन्न नाही, आणि कातडे, शिंगे, मांस यांपासून वर्षाकाठी होणारी ५०० रुपयांची प्राप्ती तुम्ही त्यांना सोडावयास लावता, हे त्यांचे नुकसान नव्हे काय? बाबासाहेबांनी त्यास जे उत्तर दिले त्याचा मतितार्थ असा की, प्राप्ती एवढी मोठी असेल तर ती तुम्हीच का घेत नाही? गावची ढोरे तुम्ही ओढा, ते ५०० रुपये घ्या, आणि शिवाय मी माझ्या पदरचे ५०० रुपये तुम्हास देईन. अर्थात कोणीही पुढे आले नाही.

या उत्तरातील विनोद बाजूस ठेवून त्यातील हिशेब आपण पाहू. जनावर जिवंत असे तोवर ते मालकाचे असे. त्याचे दूध मालकाचे, त्याची नांगरट मालकाची, त्याचे शेण मालकाचे. ज्या क्षणी ते मरे त्या क्षणी ते मालकाचे राहत नसे, ते महाराचे होई. उपयोग एकाचा आणि विल्हेवाट दुसऱ्याची, अशी ही वाटणी होती. ही वाटणी कराराने ठरलेली नव्हती. ती जन्माने ठरलेली होती. नाही म्हणण्याचा अधिकार ज्याला नाही त्याच्या गळ्यात ती बांधलेली होती, आणि वर तिला 'प्राप्ती' असे गोंडस नाव होते. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस सोडण्याचा उपदेश झाला, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. एका बाजूस विहिरीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस मेलेले ढोर, असे हे दोन लढे वेगळे नव्हते. एकात जे सर्वांचे आहे त्यात वाटा मागितला होता, आणि दुसऱ्यात जे दुसऱ्याचे आहे ते उचलण्यास नकार दिला होता.

आता आपण आजच्या काळात येऊ. आजचे मेलेले ढोर म्हणजे रिकामे पाकीट होय. पाकिटात माल असतो तोवर त्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ते नाव दुसऱ्या कोणी वापरले तर कंपनी न्यायालयात जाते. परंतु माल संपून पाकीट जमिनीवर पडले की, नाव तेच असूनही ते कंपनीचे राहत नाही. मग ते ग्रामपंचायतीचे होते, नगरपालिकेचे होते, आणि शेवटी घंटागाडीवरील माणसाचे किंवा पाठीवर गोणी घेतलेल्या बाईचे होते. नफा जिथल्या तिथे राहतो आणि घाण तेवढी गावकुसाबाहेर येते.

यावर कोणी म्हणेल की, हे अपरिहार्य आहे; एकदा विकलेली वस्तू कारखानदार परत कशी घेणार? या म्हणण्यात तथ्य नाही, हे आपल्याच घरातील वस्तू दाखवून देतात. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीकडे पाहा. टाकीसाठी आपण अनामत भरतो, रिकामी टाकी परत देतो, तेव्हा भरलेली मिळते. गॅसची रिकामी टाकी उकिरड्यावर पडलेली कोणी पाहिली आहे काय? वडीलधाऱ्यांना सोडावॉटरच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. बाटली दुकानातच पिऊन परत द्यावी लागे आणि रिकाम्या बाटल्यांचा खोका त्याच गाडीने कारखान्यात जाई. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे; रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी संपली तर जुनी बॅटरी देऊन नव्या बॅटरीची किंमत कमी करून घेता येते, कारण जुन्या बॅटरीतील शिसे मोलाचे आहे; आणि विक्रेत्यांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्यात असा नियमही २००१ साली झाला.

तेव्हा वस्तू परत नेण्याची कला कारखानदारास अवगत आहे. जेथे परत आलेल्या वस्तूला किंमत आहे तेथे ती परत जाते. जेथे तिला किंमत नाही तेथे ती आपल्याकडे राहते. वेफर्सचे चकचकीत पाकीट घ्या. ते एका पदार्थाचे नसते. प्लॅस्टिकचे थर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असे ते चिकटविलेले असते. ओल व हवा आत जाऊ नये आणि माल महिनोन्महिने टिकावा म्हणून ही रचना केलेली असते. परंतु हे थर पुन्हा वेगळे करणे अवघड व खर्चाचे असल्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. ते असे बनवावे हे कोणी ठरविले? मिरजगावच्या दुकानदाराने ठरविले नाही, ते विकत घेणाऱ्या मुलाने ठरविले नाही, आणि ते उचलणाऱ्या बाईने तर नाहीच नाही. ते कारखान्यात ठरले. वस्तूच्या मरणाची रीत तिच्या जन्माच्या वेळीच ठरते. म्हणून मरणाची जबाबदारीही जन्म देणाऱ्याची असली पाहिजे, हा विचार न्यायाचा आहे.

या विचारास जगात आता मान्यता मिळाली आहे. स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने १९९० साली त्या देशाच्या सरकारसाठी केलेल्या कामात या तत्त्वाला नाव दिले. आपण त्यास 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतो. १९९१ साली जर्मनीने वेष्टनांविषयी कायदा करून वापरलेली वेष्टने परत घेण्याचा व त्यांची व्यवस्था लावण्याचा भार उत्पादकांवर व विक्रेत्यांवर टाकला. जपानने १९९८ साली कायदा केला आणि २००१ पासून दूरदर्शन संच, शीतकपाट, धुलाईयंत्र व वातानुकूल यंत्र या घरगुती यंत्रांची मोडतोड करून त्यांतील धातू काढण्याचे काम उत्पादकांकडे सोपविले. ब्राझीलने २०१० च्या कायद्यात उत्पादकाने माल परत घ्यावा असे सांगताना कचरा वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही त्या व्यवस्थेत स्थान दिले. ही शेवटची गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी. त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

परदेशातील गोष्ट झाली. आता पुण्याची ऐका. कारण ती आपल्या आयाबहिणींची गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातील कोरडवाहू पट्ट्यातून असंख्य कुटुंबे पुण्याच्या वाटेला लागली. माझी आत्याही त्यांत होती. जमीन नाही, अक्षरओळख नाही, जातीमुळे घरकामाला कोणी दारात उभे करीत नाही; अशा स्त्रियांच्या हाती शेवटी कागद, काच आणि पत्रा वेचण्याचे काम आले. माझी आत्या पहाटे चारला गोणी घेऊन निघे. ती म्हणे, "बाबा, गावाकडं ढोर ओढणं सोडलं आणि इथं येऊन उकिरडा उपसतेय. सुटका कुठं झाली?" तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ पुष्कळ वर्षे उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या स्त्रियांनी स्वतःच शोधले. १९९३ साली त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचे साहाय्य त्यांना लाभले. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, आम्ही कामगार आहोत, हे त्यांचे पहिले म्हणणे होते. आणि महानगरपालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र ही त्यांची पहिली जीत होती. २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून पुण्यात घरोघर कचरा गोळा करण्यास आरंभ केला. तीन हजारांहून अधिक कामगारांची ही संस्था झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतही बहुसंख्य अनुसूचित जातींतील होत्या.

घरोघर कचरा घेताना त्यांच्यापुढे एक बाब आली की, जिच्याविषयी सभेत बोलण्याचा संकोच आपण आज टाकून दिला पाहिजे. ती बाब वापरलेल्या सॅनिटरी पॅडची व लहान मुलांच्या डायपरची. ही पॅड प्लॅस्टिकचा थर व द्रव शोषणारे रासायनिक द्रव्य यांची बनलेली असतात. ती कुजत नाहीत. लोक ती उघडीच ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकीत आणि या स्त्रियांना ती आपल्या हातांनी वेगळी करावी लागत. दुसऱ्याच्या अंगचे रक्त आणि विष्ठा रोज हाताला लागे, रोग होण्याचे भय असे, आणि त्याच हातांनी दुपारची भाकरी खावी लागे. त्यांनी नागरिकांना विनंत्या केल्या, जुन्या वृत्तपत्रांच्या पिशव्या करून दिल्या. पॅड बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही त्यांनी सांगून पाहिले की, प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळण्याची पिशवी द्या आणि विल्हेवाटीचा खर्च उचला. जेव्हा सांगण्याचा उपयोग होईना, तेव्हा २०१३ साली त्यांनी वापरलेली पॅड पिशव्यांत भरली आणि त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांकडे परत पाठवून दिली.

बंधुभगिनींनो, या कृत्याचा अर्थ आपण नीट समजून घ्या. मला ते वृत्त कळले तेव्हा संगमनेरच्या त्या चिठ्ठीची आठवण झाली. तुमचे ढोर तुम्ही ओढा, असे बाबासाहेब म्हणाले होते. तुमची वस्तू तुम्ही घ्या, असे या स्त्रिया म्हणाल्या. त्यांनी हिंसा केली नाही, शिवी दिली नाही. ज्याची वस्तू त्याच्या दारात नेऊन ठेवली. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे जे नियम केले, त्यांत पॅड व डायपर बनविणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावे असा नियम आला, आणि कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे असेही त्यांत लिहिले गेले. माझ्या आत्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथे मिळाले.

आता कायद्याची स्थिती सांगतो. आपल्या देशात विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्याविषयी २०११ साली नियम झाले आणि त्यांत उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट केली गेली. प्लॅस्टिकचे २०१६ चे नियम आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत, कारण ते केवळ शहरापुरते राहिले नाहीत. ग्रामीण भाग व ग्रामपंचायती त्यांच्या कक्षेत आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये याविषयी तपशीलवार मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार उत्पादक, आयातदार व आपल्या नावाने माल विकणाऱ्या कंपन्या यांनी नोंदणी करावयाची आणि आपण बाजारात आणलेल्या प्लॅस्टिक वेष्टनाइतका भार गोळा करून त्याची व्यवस्था लावावयाची. २०२१-२२ साठी शेकडा २५, २०२२-२३ साठी शेकडा ७० आणि २०२३-२४ पासून शेकडा १०० असे हे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्र सरकारने तर त्याही आधी, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत, दुधाच्या पिशवीवर परताव्याची किंमत छापावी आणि ती ५० पैशांहून कमी नसावी, असे म्हटले होते.

कागदावर हे सर्व उत्तम आहे. परंतु मी आपणांस विचारतो, या सभेत असा कोणी आहे काय, की ज्याने दुधाची रिकामी पिशवी दुकानात परत देऊन ५० पैसे घेतले? एकही हात वर होत नाही. शेकडा शंभर वेष्टन परत घेण्याचे उद्दिष्ट ठरले असेल, तर ओढ्यात पडलेली ही पाकिटे कोणाच्या हिशेबात आहेत? त्याचे एक कारण असे की, कंपनीने स्वतः येऊन आपले पाकीट उचलावे असे बंधन नाही. दुसऱ्या कोणी तेवढ्या वजनाच्या प्लॅस्टिकवर प्रक्रिया केली आणि तिचे प्रमाणपत्र कंपनीने विकत घेतले, तरी जबाबदारी पार पडली असे धरले जाते. जेथे प्रमाणपत्र विकले जाते तेथे खोटे प्रमाणपत्रही विकले जाते. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती देणारे प्रक्रियादार गुजरात, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातीलही होते.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. कंपनीने किती टन गोळा केले याची मोजदाद या व्यवस्थेत आहे. परंतु ज्या हातांनी ते गोळा केले त्या हातांना किती दाम मिळावा, हे तीत ठरविलेले नाही. म्हणजे जबाबदारी कंपनीची, प्रमाणपत्र प्रक्रियादाराचे, आणि पाठीवरची गोणी पुन्हा आमच्याच बाईची. असे झाले तर हा कायदा म्हणजे जुन्या वतनाचाच नवा कागद ठरेल. म्हणूनच ब्राझीलची गोष्ट ध्यानात ठेवा असे मी म्हटले होते. उत्पादकाच्या जबाबदारीतून येणारा पैसा वेचणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचला तरच ती जबाबदारी खरी.

आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी यावर एक आक्षेप घेतील, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतील, "बाबासाहेबांनी आम्हास घाणीचे काम सोडावयास सांगितले. तुम्ही त्या कामाचा दाम मागावयास सांगता. हे उलट नव्हे काय?" माझे उत्तर असे आहे. बाबासाहेबांनी श्रमाचा धिक्कार केला नाही. जन्माने लादलेल्या, नाकारता न येणाऱ्या आणि अपमानाच्या मोबदल्यात कराव्या लागणाऱ्या कामाचा त्यांनी धिक्कार केला. कसोटी कामाची नाही, नकाराच्या अधिकाराची आहे. जो माणूस "मी हे काम करणार नाही" असे निर्भयपणे म्हणू शकतो, तोच "या दामाने करीन, या अटींवर करीन" असेही म्हणू शकतो. आपल्या मुलांनी शिकून दुसऱ्या व्यवसायांत जावे, यासाठी आपण सर्व शक्ती वेचली पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. परंतु आज जी आई गोणी उचलते आहे, तिच्या पोराची फी तिच्याच कमाईतून जाते. तिला हातमोजे, ओळखपत्र आणि योग्य दाम मिळू नये असे म्हणणे म्हणजे दीक्षेचा अभिमान तिच्या खर्चाने मिरविणे होय.

दुसरा आक्षेप व्यापारी घेतात. ते म्हणतात की, खर्च कंपनीवर टाकला तर ती मालाची किंमत वाढवील आणि भुर्दंड गरिबालाच पडेल. मी म्हणतो, भुर्दंड आजही पडतोच आहे. फक्त तो पावतीवर दिसत नाही. तुंबलेले गटार, प्लॅस्टिक पोटात गेल्याने दगावलेली गाय, कचरा जाळल्याने वस्तीत भरणारा विषारी धूर, ही सारी किंमत आज कोण देतो? पाकीट विकत न घेणाराही देतो, आणि ज्याचे घर उकिरड्याजवळ आहे तो सर्वांत जास्त देतो. तो खर्च कंपनीच्या वहीत आला की निदान ती आपले पाकीट साधे, एका पदार्थाचे, परत वापरता येण्यासारखे करण्याचा विचार करील. स्वतःच्या खिशाला चट्टा बसल्यावाचून कोणी कारखान्यातील साचा बदलीत नाही.

आता आपण येथे काय करू शकतो ते सांगून मी माझे भाषण संपवितो.

पहिली गोष्ट घरातली. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. वापरलेले पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी, म्हणजे उचलणाऱ्यास ते उघडून पाहावे लागणार नाही. जे आपण दुसऱ्याकडून सोसले ते आपण दुसऱ्यास सोसावयास लावू नये. पंचशील घेतलेल्या घरात एवढे तरी दिसले पाहिजे. प्लॅस्टिक जाळू नये.

दुसरी गोष्ट ग्रामसभेतली. गावात कचरा उचलणारे जे कोणी आहेत, मग ते कोणत्याही जातीचे असोत, त्यांची नावे नोंदवून घ्यावीत, त्यांना ओळखपत्र, हातमोजे, बूट आणि ठरलेला दाम मिळावा, असा ठराव मांडावा. हे काम अमुक वस्तीतीलच लोक करतील असे कोणी म्हटले तर तेथेच उभे राहून हरकत घ्यावी आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी.

तिसरी गोष्ट आपल्या शिकलेल्या तरुणांची. त्यांनी एक आठवडा गावातील रिकामी पाकिटे गोळा करावीत, कंपनीवार ढीग लावावेत, ते वजन करावेत आणि वहीत लिहावेत. नाव प्रत्येक पाकिटावर छापलेलेच आहे. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या पत्रासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व त्या त्या कंपनीकडे पाठवावा, आणि विचारावे की, तुमच्या जबाबदारीतील हा माल मिरजगावातून कोण, केव्हा आणि कोणत्या दामाने नेणार आहे? एका पत्राने उत्तर येणार नाही. दहा गावांतून दहा तक्ते गेले तर उत्तर द्यावे लागेल.

चौथी गोष्ट संघटनेची. एकटी गोणी घेतलेली बाई भंगारवाल्याच्या काट्यावर फसते. तिच्यासारख्या दहाजणी एकत्र आल्या की काटा तपासून घेता येतो, माल साठवून एकदम विकता येतो, आणि कंपनीच्या माणसाशी बोलताना आवाज चढा राहतो. पुण्यात हे झाले, ते कर्जत तालुक्यात होणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

माझी आत्या आज हयात नाही. तिच्या हातांना काचेच्या जखमांचे वण होते. सुटका कुठे झाली, या तिच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आपल्या हाती आहे. ज्या दिवशी पाकिटावर नाव छापणारा तेच पाकीट परत नेण्याचा खर्च देईल, आणि ते उचलणारा हात जातीमुळे नव्हे तर आपल्या मर्जीने व पुऱ्या दामाने ते उचलील, त्या दिवशी ते उत्तर पुरे होईल. आपल्या पूर्वजांनी ढोर खाली ठेवले, तेव्हा गावाने त्यांचे पाणी तोडले, दाणे तोडले, तरी त्यांनी ते पुन्हा उचलले नाही. आपल्याला त्या मानाने फार थोडे करावयाचे आहे. ग्रामसभेत उभे राहावयाचे आहे आणि पत्र लिहावयाचे आहे. एवढे आपण करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!